रत्नागिरीला जायचे तर समुद्राला विचारून

रत्नागिरीला जायचा बेत आज दोन प्रश्नांपाशी घुटमळतो. कोकण रेल्वेचे तिकीट मिळाले का, आणि नसेल मिळाले तर मुंबई–गोवा महामार्गाची सध्या काय अवस्था आहे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांवर बेतलेल्या सहलीत शहर अर्धेच हाती लागते. महामार्गाने येणारा हातखंब्याला वळतो आणि तिथून दहा-बारा किलोमीटर पश्चिमेकडे उतरत गावात शिरतो. रेल्वेने येणारा गावाबाहेरच्या स्थानकावर उतरून रिक्षा शोधतो. दोघेही शहराच्या मागल्या दाराने आत येतात. पुढचे दार दुसऱ्या टोकाला आहे, मांडवीच्या धक्क्यावर आणि रत्नदुर्गाच्या पायथ्याशी. रत्नागिरीत बाहेरून येणारा माणूस कित्येक पिढ्या याच दाराने आला. त्याने कोणत्या महिन्यात यायचे, सोबत काय आणायचे आणि परत कधी फिरायचे, हे समुद्र ठरवत असे. मांडवीला आजही लोक रत्नागिरीचे गेटवे म्हणतात, ते काही शोभेसाठी नाही. या शहराची जागा, त्याचा दिमाख, त्याची बाजारपेठ, त्याचे सण आणि त्याच्या वाट्याला आलेले राजबंदी, हे सगळे समुद्राने घडवले, असे इतिहास तपासला की दिसते. म्हणून रत्नागिरीच्या भेटीचा बेतही समुद्राच्या पंचांगावरूनच आखला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. रेल्वे आणि रस्ता आल्यानंतरही ते पंचांग रद्द झालेले नाही.

आधी बोटीचा काळ पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटी नियमित झाल्या आणि कोकणच्या किनाऱ्याचे अंतर एकदम आटले. त्यापूर्वीही माणसे आणि माल समुद्रानेच जात होते, पण शिडाच्या गलबतांतून आणि मचव्यांतून, वाऱ्याच्या मर्जीने. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी या मार्गावर प्रमुख होत्या. कोकणातली माणसे तिला शेफर्ड कंपनी म्हणत. पुढे स्वदेशीच्या वातावरणात तिच्याशी टक्कर द्यायला देशी भांडवलाची कंपनी उभी राहिली आणि तिला लोकांनी आपलेपणाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची माळ त्या काळच्या कोकणी माणसाला तोंडपाठ असे. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव तिच्याकडे निघत. पडाव बोटीच्या कुशीला येऊन लाटेबरोबर वर-खाली होई. तो वर आला की त्या क्षणी पाय टाकायचा, चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. खलाशी म्हाताऱ्यांना दंडाला धरून उतरवत, मुलांना हातोहात खाली देत आणि मागून ट्रंका, वळकट्या, करंड्या येत. रत्नागिरीत पाऊल टाकण्याची ही रीत होती. कलेक्टर, वकील, शाळामास्तर, गिरणी कामगार आणि माहेरवाशीण या साऱ्यांना ती एकाच पडावात पार पाडावी लागे.

ही वाहतूक वर्षभर चालत नसे, आणि माझ्या मुद्द्याचा कणा तोच आहे. नैर्ऋत्येचा पाऊस लागला की लांबच्या किनारी बोटी बंद होत आणि समुद्र निवळल्यावर पुन्हा सुरू होत. म्हणजे वर्षाचे दोन भाग पडत, उघड्या समुद्राचा आणि मिटलेल्या समुद्राचा. उघड्या समुद्राच्या महिन्यांत शिमगा येई, लग्नसराई येई, मे महिन्याची सुट्टी येई. आंब्याचे गणितही यातच बसे. हापूस चैत्र-वैशाखात तयार होतो आणि बोटी बंद व्हायच्या आत त्याच्या पेट्या मुंबईच्या बाजारात पोचल्या तरच त्याचे पैसे होत. त्यानंतर झाडावर राहिलेला आंबा गावातच खायचा किंवा त्याचे साठ करायचे. भाद्रपदातला गणपती समुद्र नुकता शांत होऊ लागलेला असताना येई, त्यामुळे त्या सणाला गावी पोचणे ही चाकरमान्याची कसोटीच असे. हे चाकरमानी थोडेथोडके नव्हते. 1911 च्या जनगणनेत मुंबईच्या रहिवाशांपैकी दोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती आणि गिरण्यांतल्या कामगारांत या जिल्ह्याचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा आजच्या सिंधुदुर्गासह होता. 1981 मध्ये तो विभागला गेला. मुंबईचा कापडधंदा ज्या हातांवर चालला त्या हातांची गावाकडची ये-जा या ऋतुचक्राला बांधलेली होती. रत्नागिरीची भेट हा तेव्हा हौसेचा विषय नव्हता, कुटुंब टिकवण्याचा होता, आणि तरीही तिची तारीख समुद्राला विचारूनच ठरे.

शहर या जागी का वसले, हे पाहिले तरी उत्तर तेच मिळते. पेशवाई बुडाल्यानंतर ब्रिटिशांनी दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला तेव्हा मुख्य ठाणे बाणकोटला होते. 1822 मध्ये ते रत्नागिरीला हलवले, कारण किनाऱ्याच्या लांबीचा विचार करता ही जागा अधिक मध्यवर्ती होती. एखादा जिल्हा मधोमध कुठे आहे हे किनाऱ्यावरच्या अंतरांनी मोजले जात होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सह्याद्रीपासूनचे अंतर पाहिले असते तर मुख्य ठाणे आत, खाडीच्या माथ्यावर कुठेतरी गेले असते. जागेची रचनाही तशीच आहे. रत्नदुर्गाचे भूशिर समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या दक्षिणेला मांडवी आणि पुढे काजळी नदीच्या मुखाशी भाट्ये, उत्तरेला मिरकरवाडा आणि मिऱ्याची बाजू. बहमनी आणि आदिलशाही अमलातून आलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये घेतला. त्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे, बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आहे आणि वेगळ्या काढलेल्या टेकाडावर 1867 पासून दीपगृह आहे. किल्ला जमिनीकडून येणाऱ्या शत्रूपेक्षा पाण्यावर चाललेल्या तारवांकडे अधिक पाहतो, आणि दीपगृह तर फक्त तिकडेच पाहते. कचेऱ्या, न्यायालय, शाळा ही सारी वस्ती या बंदराच्या आधाराने वाढली. 1856 मध्ये बाळ गंगाधर टिळक इथे जन्मले, वडील गंगाधरपंत इथल्या शाळेत शिक्षक होते म्हणून. बंदरामुळे मुख्य ठाणे, ठाण्यामुळे शाळा आणि शाळेमुळे शिक्षक, अशी ही साखळी आहे.

इथे एक चांगला आक्षेप पुढे येतो. समुद्राने रत्नागिरी जगाशी इतकी जोडलेली होती, तर ब्रिटिश सरकारने माणसे नजरकैदेत ठेवायला हीच जागा का निवडली? नोव्हेंबर 1885 मध्ये मंडाले पडले. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणले गेले. राजाने आयुष्याची उरलेली तीस वर्षे इथेच काढली. जांभ्या दगडाचा, उतरत्या छपरांचा आणि अर्धगोलाकार नक्षीदार खिडक्यांचा राजवाडा त्याच्यासाठी 1910 मध्ये पुरा झाला. डिसेंबर 1916 मध्ये तो वारला आणि त्याची समाधीही याच गावात आहे. जानेवारी 1924 मध्ये विनायक दामोदर सावरकर यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर. ही स्थानबद्धता 1937 पर्यंत टिकली आणि त्याच काळात, 1931 मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभे राहिले. सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेल्या त्या देवळाने या शहराच्या सामाजिक इतिहासात ठळक खूण केली. आक्षेपाचे उत्तर या दोन उदाहरणांतच आहे. ज्या गावात शिरायचा मोठा मार्ग एकच, त्यावर पहारा ठेवणे सोपे. रेल्वे नव्हती, घाट अवघड होते आणि पावसाळ्यात बंदरही मिटत होते. येणारा-जाणारा प्रत्येक महत्त्वाचा माणूस धक्क्यावर दिसत होता. समुद्राने रत्नागिरीला मुंबईशी जोडले आणि त्याच समुद्राने तिला एकाकीही ठेवले. थिबा राजवाड्याच्या टेकडीवरून भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचे पाणी दिसते. राजवाडा पाहायला जाणाऱ्याने आतली संग्रहालयाची दालने पाहून झाल्यावर या दृश्यापाशी थांबावे. ज्या वाटेने राजाला आणले आणि जिच्यावरून तो पुन्हा कधी गेला नाही, ती वाट समोर असते.

दुसरा आक्षेप देशावरच्या बाजूने येईल. कोकणचा व्यापार घाटांनी चालला, कोल्हापूरकडची धान्ये आणि गूळ आंबा घाटाने उतरले, मग समुद्रालाच सगळे श्रेय का? शिवाय रत्नागिरीच्या परिसरातला माणसाचा सर्वांत जुना हात जांभ्याच्या सड्यांवर दिसतो, किनाऱ्यावर नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण घाटाने उतरणारा माल शेवटी बंदराकडे येत होता. बंदर नसते तर बैलांच्या तांड्यांना तो अवघड उतार उतरायचे कारण फारसे उरले नसते. सड्यांवरच्या कातळशिल्पांनी तर हाच मुद्दा अधिक जुना केला. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू अशा ठिकाणी उघड्या कातळावर कोरलेल्या या आकृती प्रागैतिहासिक मानल्या जातात आणि 2022 पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांत हत्ती, गेंडा असे प्राणी आहेत आणि त्यांच्या जोडीला शार्क, पाकट, कासव असे समुद्रातले जीवही आहेत. सड्यावर उभे राहून कोरणाऱ्या त्या माणसांना समुद्रात काय आहे हे नीट ठाऊक होते. सडा आणि दर्या हे इथल्या माणसाचे दोन वेगळे मुलूख नव्हते, एकाच जगण्याचे दोन भाग होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बोटीच्या प्रवासाची आठवण काढताना त्यातले हाल आणि मरण विसरले जाते, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे बाजूला सारता येणार नाही. नोव्हेंबर 1927 मध्ये जयंती आणि तुकाराम या दोन बोटी वादळात बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांनी त्या दिवशी माणूस गमावला. त्यामुळे आगबोटीचा काळ सुखाचा होता आणि तो परत यावा, असे मी म्हणत नाही. पण या दुर्घटनांतूनही पंचांगाचाच धडा मिळतो. रामदास जुलैत, ऐन पावसाळ्यात, जवळच्या मार्गावर चालत होती. लांबच्या बोटी ज्या महिन्यांत बंद ठेवल्या जात, तेच हे महिने. जयंती आणि तुकाराम यांचा काळ तसा मोकळ्या समुद्राचा होता, म्हणजे पंचांग पाळूनही सावधगिरी सुटता कामा नये, हेही खरे. आणि जमिनीचा मार्ग निर्धोक आहे असे मानायला कोकणचा अलीकडचा इतिहास परवानगी देत नाही. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून रेल्वेगाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या. धोका समुद्राचा एकट्याचा नव्हता. तो या मुलखातल्या पावसाचा आहे, आणि पाऊस कोणत्याही वाहनाला ओळखत नाही.

कोकण रेल्वेने काय बदलले हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकुरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरचा हा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी पुरा खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल बांधून तो सह्याद्रीच्या सोंडांमधून काढला गेला. रत्नागिरीच्या जवळच साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि चौसष्ट मीटर उंचीचा पानवळ पूल आहे. त्याआधीच एसटीने आणि रस्त्यांनी बोटीचे प्रवासी ओढून घेतले होते आणि 1980 च्या दशकात ती सेवा उतरणीला लागून पुढे बंद पडली. आजारी माणूस, परीक्षेला जाणारा विद्यार्थी, बाळंतपणाला माहेरी निघालेली मुलगी, या सर्वांना रेल्वेने जे दिले त्याचे मोल कमी लेखता येत नाही. पण याच रेल्वेला पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावावे लागते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग कमी होतो, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात आणि दरडींवर रात्रंदिवस गस्त असते. लोखंडाच्या रुळांवरूनही समुद्राकडून येणारा पाऊसच वर्षाचे दोन भाग पाडतो. तसेच मासेमारीचे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. मिरकरवाड्यासारखे मोठे मासळीबंदर या काळात थंडावते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा जागे होते. जून-जुलैत रत्नागिरीला येऊन ताज्या सुरमईची अपेक्षा धरणारा पाहुणा हॉटेलवाल्यावर रागावतो, तेव्हा तो खरे तर या पंचांगावर रागावलेला असतो.

यावर शेवटचा आक्षेप असा की निसर्ग पाहायचा तर पावसाळाच उत्तम, मग उघड्या समुद्राचा हट्ट कशाला? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात श्रावणातले सडे पाहण्यासारखे असतात, यात वाद नाही. उन्हाळ्यात काळाठिक्कर दिसणारा कातळ तेव्हा गवताने आणि चिमुकल्या फुलांनी झाकला जातो, वहाळ वाहू लागतात, भाताची खाचरे डोळ्यांत भरतात. हे पाहायला जरूर यावे. पण एकाच फेरीत सगळे पाहण्याचा अट्टहास नको. पावसात कातळशिल्पांवर पाणी आणि गवत चढते, किनाऱ्यावर जाणे धोक्याचे होते, आणि गणपतीपुळ्यासह कोकणच्या किनाऱ्यांवर बुडालेल्या पाहुण्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्या बातम्यांमागे बहुधा हेच असते की पाहुण्याने सुट्टीची तारीख पाहिली, समुद्राची पाहिली नाही. पावसाळ्यात यायचे तर सडा, देवळे, राजवाडा आणि भाताची खाचरे पाहावीत आणि दर्या दुरून पाहावा. किल्ला, बंदर, पुळणी आणि कातळशिल्पे यांच्यासाठी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस राखावेत. हापूस त्याच्या गावात खायचा तर एप्रिल-मे गाठावा. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाची बागायतदाराच्या अंगणातली चव मुंबईच्या पेटीत पूर्ण उतरत नाही. जुन्या चाकरमान्यांना ही विभागणी कोणी शिकवावी लागत नव्हती.

म्हणून बेत आखणाऱ्याला एवढेच सांगणे आहे. आधी महिना ठरवा, मग वाहन, मग मुक्काम. सवड असेल तर किनाऱ्याच्या वाटेने या. वेशवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटींनी खाड्या ओलांडत आलात, तर जुन्या बंदरांपैकी काही जमिनीवरून तरी भेटतील आणि रत्नागिरीत आरे-वारेच्या बाजूने, समुद्र उजव्या हाताला ठेवून शिरता येईल. रेल्वेने आलात तरी पहिल्या संध्याकाळी थेट मांडवीला जा. तिथली काळसर वाळू आणि किल्ल्यापलीकडची पांढरी वाळू यांतला फरक पाहा, दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर चढून शहर समुद्राच्या बाजूने न्याहाळा आणि मगच बाजारपेठ, टिळकांचे घर, पतितपावन मंदिर आणि थिबा राजवाडा या क्रमाने आत या. असे केले की प्रत्येक वास्तू तिथे का आहे हे दुसऱ्याने सांगायची गरज उरत नाही. रत्नागिरीच्या नगरपालिकेने आणि पर्यटन खात्यानेही मांडवीच्या धक्क्यावर आगबोटींच्या काळाची नीट माहिती देणारे दालन उभारावे. ज्या धक्क्यावरून लाखो माणसे मुंबई उभी करायला गेली, त्या धक्क्यावर त्यांची नोंद असणे हे त्या शहराचे आणि मुंबईचेही देणे आहे.